शुद्ध केलेला पोहरा

आमच्या गावच्या बौद्धवाड्याची विहीर मी खराब ठरवली. ती खराब नव्हती. खराब जे होतं ते आमच्या घरच्या पोहऱ्यातून मीच तिथे नेलं होतं. आणि हे कळल्यावरही मी तोंड उघडलं नाही. कोणी विचारलं नाही म्हणून राहून गेलं, असंही म्हणता येत नाही. मला सरळ विचारलं गेलं होतं, आणि मी उत्तर फिरवलं होतं.

मोठा दुष्काळ सरून गेल्यानंतरचे ते दिवस. वाशीमचा वेगळा जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. गाव कामरगावपासून थोडं आत. दुष्काळी कामात गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव झाला होता. मी कारंज्याला खोली करून बीएस्सी करत होतो. आमच्या सरांनी त्या वर्षी मनावर घेतलं की ज्या ज्या गावची मुलं वर्गात आहेत त्या त्या गावचं पिण्याचं पाणी तपासायचं. तलावाचं, विहिरींचं, सगळं. नमुने मुलांनीच आणायचे, तपासायचे कॉलेजात, आणि निकाल गावात जाऊन सांगायचा. हगवण दर उन्हाळ्यात ठरलेली असायची. तिचं कारण लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं सरांचं म्हणणं होतं.

आमच्या गावात तपासायच्या तीन जागा होत्या. तलाव, गावची जुनी विहीर आणि बौद्धवाड्याची नवी विहीर.

या नव्या विहिरीबद्दल आधी सांगायला हवं. धर्मांतराला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण गावच्या विहिरीवर रीत तीच होती. बौद्धवाड्यातल्या बायांनी घागर खाली ठेवायची, दूर सरायचं, आणि गावातल्या कोणी बाईने मन झालं की वरून पाणी ओतायचं. दुष्काळात त्यांनी हे सोडलं. दिवसभर तलावाच्या कामावर माती वाहून यायची आणि संध्याकाळी स्वतःच्या वस्तीत स्वतःची विहीर खोदायची. पुरुषांनी खोदली, बायांनी टोपल्यांनी माती काढली. पाणी लागलं ते गोड लागलं. त्या दिवसापासून त्यांच्यातली एकही बाई गावच्या विहिरीवर आली नाही.

त्या माती काढणाऱ्या बायांमध्ये पुढे असायची ती एक चाळिशीची बाई. बौद्धवाड्यात लहानमोठे सगळे तिला आत्या म्हणत. आम्ही गावातले तिला काहीच म्हणत नसू. काम पडलं तर 'ओ बाई' म्हणून हाक मारायची. जिभेला धार होती, आणि हसायची मोठ्याने.

सर गावात आले तेव्हा शाळेच्या ओसरीवर सगळे जमले होते. गावातले वर बसलेले, बौद्धवाड्यातले खाली अंगणात. सरांनी समजावून सांगितलं. नमुन्याची बाटली कॉलेजातून उकळून, तोंडाला कागद बांधून येईल. ज्या पोहऱ्याने लोक रोज पाणी काढतात त्याच पोहऱ्याने पाणी काढायचं, पण आधी तो पोहरा कढत पाण्याने धुऊन घ्यायचा. म्हणजे बाटलीत येईल ते विहिरीचंच येईल, बाहेरचं काही येणार नाही.

आत्या अंगणातून उभी राहिली.

"सर, आमचं पानी चांगलं निंगालं त तुमी गावासमोर सांगसान का?"

"सांगेन की."

"अन् पेसान का?"

ओसरीवर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "प्या मास्तर, पोट दुखलं त कामरगावले डाक्टर बसूनच हाये."

आत्या त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुमचं त न पेताच दुखून राह्यलं." तेव्हा अंगणातलेही हसले.

मग तिने खरं काय ते सांगितलं. येत्या बुद्धपौर्णिमेला वस्तीसमोर, मोटार थांबते त्या रस्त्यावर, पाणपोई घालायची होती. लिंबाच्या डहाळ्यांचा मांडव, मोठा रांजण, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या विहिरीचं पाणी, त्यांच्या हातचं. "कोनी पेनार नाई हे आमाले ठाऊक हाये," ती म्हणाली. "पन पानी खराब हाये असं कोनाले म्हनता येऊ नाई. मंग जो पेनार नाई त्याले सांगा लागन, काहून पेत नाई ते."

सरही उठून उभे राहिले. मग म्हणाले, "पाणी चांगलं निघालं तर पहिला पेला मी पिईन. पाणपोईवर उभा राहून, मोटारीतल्या लोकांसमोर."

त्या परीक्षणावर बौद्धवाड्याचं काय लागून होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. मागाहून कळलं असं मी म्हणू शकत नाही. मी ओसरीवर सरांच्या शेजारी बसलो होतो.

सरांनी मला आणखी एक काम दिलं होतं. प्रत्येक विहिरीची खोली मोजायची, आणि जवळ गोठा किंवा उकिरडा आहे का ते बघायचं. नमुन्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या घरचा लोखंडी पोहरा आणि दोर घेऊन निघालो. गावची विहीर मोजली, मग बौद्धवाड्याची. पोहरा तळाला टेकेपर्यंत सोडला, दोराला गाठ मारली, वर काढला. विहिरीजवळ गोठा नव्हता, उकिरडा दूर होता. कठडा नीट बांधलेला, भोवती दगड बसवलेले. आमच्या गावच्या विहिरीपेक्षा ती कितीतरी नीटनेटकी होती, आणि हे बघून मला जरा खटकलंही होतं.

घरी आलो तर आई दारात उभी. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती.

"पोहरा कोनाच्या विहिरीत सोडला रे?"

मी सांगितलं.

"अन् तसाच घरात घेऊन आला? ठेव तिथंच. अंगनात ठेव."

मी अंगणात ठेवला. आईने पोहरा राखेने घासला. मग गोठ्यातून गोमूत्राचा तांब्या आणला आणि आतून बाहेरून शिंपडलं. दोर शेणाच्या पाण्यात बुचकळून काढला आणि वळणीवर टाकला. हे सगळं चालू असताना मी ओसरीवर बसून भाकर खात होतो. तेव्हा आई मला म्हणाली, "झाला शुद्ध. आता ने कुठी न्यायचा तं."

या सगळ्यात मला वावगं असं काही वाटलंच नाही. मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहिले होते. वादविवाद स्पर्धेत समतेवर बोलून टाळ्या घेतल्या होत्या. आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाळलेला पोहरा उचलताना माझ्या मनात खरोखर असं होतं की याहून स्वच्छ पोहरा अख्ख्या गावात नसेल. दोन विद्या माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

तलावाचा नमुना मी बाटली बुडवून घेतला. गावच्या विहिरीवर तिथलाच पोहरा कढत पाण्याने धुऊन घेतला, सरांनी सांगितलं तसा. मग आमचा पोहरा खांद्यावर टाकून बौद्धवाड्यात गेलो.

आत्या विहिरीजवळ वाट बघत होती. दगडावर त्यांचा पोहरा पालथा घातला होता.

"हा घ्या," ती म्हणाली. "सर म्हने तसा कढत पान्यानं धुतला. तवापासून कोनाले हात लावू देल्ला नाई. पोट्ट्याइले त इकडं फिरकूच देल्लं नाई."

"नको," मी म्हणालो. "आणलाय मी."

"सर त म्हनत होते विहिरीवरचाच घ्या लागते."

"तुमच्याकडे आपला घरचाच पोहरा न्या म्हणाले."

हे खोटं होतं. सरांनी असं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या पोहऱ्याला हात लावून घरी गेलो असतो तर आईने मलाही अंगणातच उभं केलं असतं. पण खरं सांगायचं तर आईचं नाव पुढे करायचंही कारण नाही. माझाच हात पुढे होत नव्हता.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरच्या पोहऱ्याकडे.

"बरं," ती म्हणाली. "तुमचं शास्तर तुमाले ठाऊक."

मी पोहरा सोडला. दोर पाण्यात भिजला, पोहरा भरला, मी वर ओढला आणि बाटलीच्या तोंडाला बोट लागू न देता, अगदी शिकवल्याप्रमाणे, पाणी भरलं. कागद बांधला. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून दुपारच्या मोटारीने कारंज्याला नेल्या.

परीक्षण साधं होतं. काचेच्या नळ्यांत एक पिवळसर द्रावण असायचं आणि त्यात एक छोटी नळी उलटी बुडवलेली. नमुन्याचं पाणी त्यात घालून नळ्या उबदार पेटीत ठेवायच्या. आतड्यातले, शेणामातीतले जंतू असले तर ते वायू करतात आणि उलट्या नळीत बुडबुडा धरतो. आम्ही मुलं त्याला नुसतं 'बुडबुडा आला' असं म्हणायचो.

तलावाच्या नळ्यांत बुडबुडे आले. ते येणारच होते, तिथे गुरं बसतात. गावच्या विहिरीच्या एखाददुसऱ्या नळीत आला. बौद्धवाड्याच्या एकूण एक नळीत आला, तलावापेक्षाही मोठा.

सरांनी नळी उजेडासमोर धरली. "आश्चर्य आहे. जवळ गोठा आहे का?"

"नाही, सर."

"मग शेण येतंय कुठून?"

तोपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. 'शेण' हा शब्द सरांच्या तोंडून निघाला आणि वळणीवरून निथळणारा आमचा दोर डोळ्यांसमोर आला.

"पोहरा स्वच्छ होता ना?" सरांनी विचारलं.

"हो सर. शुद्ध केलेला होता."

हेच ते वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नाही. सरांना वाटलं, कढत पाण्याने धुतलेला होता. त्यांना तसंच वाटावं म्हणून मी तो शब्द निवडला. त्यांनी मान हलवली आणि निकाल लिहून घेतला.

का बोललो नाही? खरं सांगितलं असतं तर सरांना कळलं असतं की त्यांचा समतेवर बोलणारा विद्यार्थी बौद्धवाड्याच्या पोहऱ्याला शिवत नाही, आणि त्याच्या घरी त्या विहिरीला लागलेला पोहरा गोमूत्राने शुद्ध करतात. माझी सरांसमोरची किंमत एका पारड्यात होती आणि त्या लोकांची विहीर दुसऱ्या. मला फार वेळ विचारही करावा लागला नाही.

सर स्वतः गावात निकाल सांगायला आले. त्यांचा चेहरा पडलेला होता. त्यांनी सांगितलं की बौद्धवाड्याच्या विहिरीत जंतुनाशक पावडर टाकावी आणि पुन्हा नमुना घ्यावा, तोवर पाणी पिऊ नये. गावच्या पुढाऱ्यांनी ऐकलं ते फक्त शेवटचं. दुसऱ्या दिवशी विहिरीवरचं चाक काढून नेलं आणि कठड्यावर गेरूने फुली मारली. पावडर मागवतो म्हणाले, ती आली नाही. सरांच्या मागे परीक्षा लागल्या, मग सुटी लागली आणि ते त्यांच्या गावी निघून गेले.

बौद्धवाड्यातल्या कोणीही भांडण केलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. त्यांनी निकालावर विश्वास ठेवला. आत्या एवढंच म्हणाली, "सर म्हनतात त असन. आपल्याले काय दिसते त्यातलं." गावाने सांगितलेलं त्यांनी कधीही मानलं नसतं. शास्त्राने सांगितलं म्हणून मानलं.

उन्हाळा चढला. तलाव आटला, त्याच्या पोटात झिरा खोदून बौद्धवाड्यातल्या बाया पाणी आणू लागल्या. तोही आटला तेव्हा एके सकाळी त्या बाया गावच्या विहिरीवर आल्या. पुढे आत्या. त्यांनी घागरी खाली ठेवल्या आणि दूर सरल्या. मी सुटीत घरी होतो, आईबरोबर पाण्याला गेलो होतो. आई वरून पाणी ओतत होती. निम्मं घागरीत, निम्मं मातीत. आत्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

तिने मला पाहिलं आणि हसली. नेहमीसारखी मोठ्याने नाही.

"काय बापू, आमच्या विहिरीत बुडबुडे निंगाले म्हने. कोनी बुडून राह्यलं होतं का त्यात?"

मी काहीतरी हसल्यासारखं केलं.

घरी परतताना आई म्हणाली, "आले ना मंग, इकडंच." तिच्या आवाजातलं समाधान मी ऐकलं आणि घागर घेऊन पुढे चालत राहिलो.

बुद्धपौर्णिमेला त्या रस्त्याने जायचं मी टाळत होतो, पण कामरगावची मोटार पकडायला जावंच लागलं. लिंबाच्या डहाळ्यांचा मांडव घातलेला होता. वंदनेचा आवाज येत होता. नवा रांजण चुन्याने रंगवून मांडवाच्या कडेला ठेवला होता. पालथा.

पावसाळ्यानंतर सर परत आले आणि त्यांनी स्वतः नमुना घेतला, बौद्धवाड्याच्या पोहऱ्याने. एकाही नळीत बुडबुडा आला नाही.

"पावसाने विहीर धुऊन निघाली असेल," सर म्हणाले.

"असेल, सर," मी म्हणालो.

चाक परत बसलं. गेरूची फुली पुसली गेली, पण विहिरीला नाव पडायचं ते पडलं. गावात तिला बुडबुड्याची विहीर म्हणू लागले, आणि पाणपोईचा विषय निघाला की ओसरीवर लोक हसायचे. रांजणात पुढे आत्याने ज्वारी भरली. पाणपोई कधी झाली नाही.

मी वाशीमला शिक्षक झालो. विज्ञान शिकवू लागलो. दरवर्षी पाण्याचा धडा येतो आणि फळ्यावर 'शुद्ध पाणी' असं लिहावं लागतं. मी 'स्वच्छ पाणी' लिहितो. पुस्तकात शुद्ध आहे, असं कोणी म्हणालं तर पुढे सरकतो. सरांची बदली झाली, मग ते वारले असं कळलं. त्यांना सांगायचं कायमचं राहून गेलं.

आई गेली तेव्हा मी गावी होतो. सुतक फिटलं त्या दिवशी चुलतीने घरभर गोमूत्र शिंपडलं. गोठ्यातला तोच तांब्या होता. शिंपडता शिंपडता ती म्हणाली, "झालं शुद्ध." मी अंगणात उभा होतो, आणि आईसाठी इतके दिवस न आलेलं रडू मला तिथे आलं. सगळ्यांना वाटलं आईसाठी आलं. काही अंशी तेही असेल. तिचं कृत्य मी माझ्या सोयीसाठी वापरलं होतं. तिला तर काय झालं ते कधी कळलंही नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी मी बौद्धवाड्यात गेलो. आत्या आता म्हातारी झाली होती. ओट्यावर बसून तूर निवडत होती. तिच्या मुलाने खुर्ची आणली, मी खाली बसलो.

"माय गेली म्हने तुही," ती म्हणाली. "वाईट झालं. हाताची सढळ होती, पानी सोडून."

मग मी सांगितलं. पोहरा, तांब्या, दोर, सरांनी विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर. तिचे हात सुपात थांबले.

"म्हंजे," ती हळूच म्हणाली, "आमची विहीर तुमच्या गाईनं बाटोली."

आणि ती हसायला लागली. पूर्वीसारखी, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतून सून डोकावली. मीही हसलो, आणि मला वाटलं की सुटलो.

ती हसायची थांबली. डोळे पदराने पुसले.

"मले एकटीले कायले सांगून राह्यला? विहीर काय माही एकटीची हाये? त्या उन्हाळ्यात झिऱ्यावर समद्याच गेल्या होत्या. काहीजनी त आता राह्यल्या बी नाई. जे हायेत त्याइले सांग."

तिने मुलाला पाठवलं. लोक विहिरीजवळ जमले. म्हातारे, त्यांची मुलं, नोकरीवरून सुटीला आलेले काहीजण. नळ आले होते, तरी विहिरीवर चाक होतं आणि चाकावर दोर होता. मी पुन्हा सगळं सांगितलं. हसलं कोणी नाही. एक तरुण मधेच उठून निघून गेला. त्याला कोणी थांबवलं नाही, मीही नाही.

शेवटी मी हात जोडले आणि म्हणालो, "माझ्याकडून चूक झाली."

"झाली नको म्हनू," आत्या कठड्यावर बसल्या जागेवरून म्हणाली. "झाली म्हंजे पावसानं झाली. केली म्हन."

माझे हात जोडलेलेच होते. मी कठड्याकडे बघितलं, मग जमलेल्या लोकांकडे.

"आत्या, मी चूक केली," मी म्हणालो. "तुमचं पाणी चांगलं होतं. मला ते माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तुम्ही सगळे मला माफ करा."